गुळवेल : आधी ओळख, मग काढा
(मंडळाच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेले भाषण)



मी डिप्लोमावाला रेल्वे इंजिनिअर, वैद्य नव्हे, हे आधीच सांगतो. इथे जबलपूरला सारे जिला गिलोय म्हणतात, ती आपली गुळवेल. संस्कृतात अमृता, आणि छिन्नरुहा, म्हणजे तोडली तरी पुन्हा रुजणारी. खोड आडवे कापा, चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते. आम्हा रेल्वेवाल्यांना ती आवडणारच!

कडुनिंबावर चढलेली गुळवेल श्रेष्ठ मानतात. जुना ताप, संधिवात, मधुमेह यांत वैद्य ती देतात. खोड ठेचून रात्रभर पाण्यात ठेवायचे, कुस्करून गाळायचे. तळाशी पांढरे सत्त्व बसते, ते वाळवून ठेवतात.

२०२० च्या करोनात घरोघरी काढा उकळू लागला. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाचा आक्षेप असा, की वनस्पती नेमकी कोणती हेच तपासलेले नाही. टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी वेल बरीचशी तशीच दिसते. तिच्या खोडावर गाठीच गाठी असतात. तो वाद तज्ज्ञांचा. पण कुंपणावरची दिसेल ती वेल तोडून महिनोन्महिने पिणे मला पटत नाही. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर फार उतरू शकते. यकृताचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका. आणि काढा घेताना डोळे पिवळे किंवा लघवी गडद दिसली, तर काढा त्याच दिवशी बंद करून दवाखाना गाठा.