बालवाडीची निवड : पालकांनी काय पाहावे?



बालक तीन वर्षांचे होत आले की घरोघरी बालवाडीची चर्चा सुरू होते. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील जैन कुटुंबांत पहिली चौकशी बहुधा आहाराची असते. वाढदिवसाच्या केकमध्ये अंडे असते काय, पर्युषणात रजा मिळते काय, हे विचारले जाते आणि ते रास्तही आहे. मात्र बालकाला स्वच्छतागृहात कोण नेते, हा प्रश्न संकोचापोटी राहून जातो.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरातील एका शाळेच्या शिशुवर्गातील दोन बालिकांवर तेथील पुरुष सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याची तक्रार नोंदली गेली. २० ऑगस्ट रोजी संतप्त नागरिक रेल्वेमार्गावर उतरले. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. शाळा नावाजलेली होती, हे येथे ध्यानी घ्यावे.

म्हणून प्रवेशापूर्वी पालकांनी शाळा स्वतः फिरून पाहावी. लहानग्यांसोबत सेविका असते काय? रिक्षातून उतरलेले बालक कोणाच्या हाती दिले जाते? कॅमेरे भिंतीवर असतात. ते चालू आहेत काय आणि त्यांचे चित्रण कोणी पाहते काय, हेही विचारावे. पूर्वसूचनेविना आलेल्या पालकास फाटकावरूनच परतवणारी शाळा टाळलेली बरी. वडील लोकलने मुंबईस गेलेले असतात. आजीला चालत गाठता येईल अशी बालवाडी दूरच्या झगमगीत शाळेहून सोयीची.

शिक्षणाविषयी दूरचे दाखले नकोत. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व नंतर कोसबाडला बालवाडीचे कार्य केले. ही गावे तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होती. मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. पाने, बिया, शिंपले हीच तेथील साधने. तिसऱ्या वर्षी वहीभर अक्षरे गिरवून घेणाऱ्या शाळेचे कौतुक करणाऱ्यांनी हे आठवावे.

माध्यम कोणतेही असो, बालकाची घरची बोली, मग ती मराठी असो, गुजराती वा मारवाडी, बाईंना समजली पाहिजे. पोट दुखते किंवा भीती वाटते, हे ते त्याच बोलीत सांगणार.

बालक एकाएकी शाळेत जाण्यास नकार देऊ लागले, तर खाऊचे आमिष दाखवून धाडू नये; जवळ घेऊन विचारावे. काही विपरीत कळल्यास ‘समाजात बोभाटा नको’ असे सांगणारे वडीलधारे भेटतात. परंतु २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार असा अपराध ठाऊक असूनही पोलिसांना न कळविणे हाही गुन्हाच आहे.