हँडहेल्ड घेतलाय, आता खेळू काय?

(या भागाचं शब्दांकन. बोलण्यातल्या काही पुनरुक्ती गाळल्या आहेत, बाकी बोलणं तसंच ठेवलं आहे.)

आज पाहुणे कोणी नाहीत, मी एकटाच आहे. त्यामुळे विषय थोडा इकडेतिकडे जाईल, सांभाळून घ्या.

गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "दादा, हँडहेल्ड घेतलाय. आता खेळू काय?" यातला क्रम बघा हं. आधी पैसे मोजले, मग प्रश्न पडला. हसू नका, मीही तेच केलं होतं.

ज्यांनी ही वस्तू अजून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हँडहेल्ड गेमिंग पीसी म्हणजे हातात धरायचा अख्खा कॉम्प्युटर. मध्ये सात-आठ इंचांची स्क्रीन, दोन्ही बाजूंना कंट्रोलरची बटणं, आत लॅपटॉपसारखीच चिप. त्यावर कॉम्प्युटरचे गेम्स चालतात. असली यंत्रं आधीही होती, पण सगळ्यांच्या तोंडी विषय आला तो फेब्रुवारी २०२२ मध्ये व्हॉल्वने स्टीम डेक बाजारात आणल्यावर. मग असूसची आरओजी ऍली, लेनोवोची लीजन गो, एमएसआयची क्लॉ अशी रांगच लागली.

माझ्याकडे डेक आहे, पहिल्या पिढीतला, एलसीडी स्क्रीनवाला. मी घेतला तेव्हा त्याची भारतात अधिकृत विक्री नव्हती, मित्राने बाहेरून येताना आणला. म्हणजे वॉरंटीच्या नावाने शंख. ऍली किंवा लीजन गो इथल्या दुकानातून घेतली तर बिल मिळतं, बिघडली तर न्यायला जागा असते. कुठला घेऊ असं कोणी विचारलं तर मी हे आधी सांगतो, मग बाकीचं.

तर, डेक आला आणि त्याच आठवड्यात स्टीमचा हिवाळी सेल लागला. मी सात गेम्स घेतले. सात! त्यातले पाच असे, की एकेक संपवायला पन्नास-शंभर तास लागतात. पहिला लावला 'विचर ३'. गेम उत्तमच आहे, डेकवर चालतोही छान. पण मी ऑफिसातून येणार साडेआठला, जेवण, मुलाचा अभ्यास, आणि अकरा वाजता हातात उरणार पंचवीस मिनिटं. त्यातली दहा मिनिटं मी कुठे होतो, कोणाला शोधत होतो, हे आठवण्यात जायची. उरलेल्या पंधरात घोड्यावर बसून कुठेतरी जायचं, पोचलो की झोप आलेली. तीन आठवड्यांनी डेक कपाटात गेला. विकायला टाकावा म्हणून फोटोसुद्धा काढून ठेवले होते. आणि बायको काही बोलली नाही, हे जास्त लागलं.

तो कपाटातून बाहेर निघाला तो भलत्याच कारणाने. बाबांचं ऑपरेशन झालं आणि अकरा रात्री मला त्यांच्याजवळ बसायचं होतं. हॉस्पिटलातली रात्र ज्यांनी काढलीय त्यांना माहीत आहे. झोपता येत नाही, वाचायला दिवा लावता येत नाही, मोबाइल बघून बघून डोकं उठतं. दुसऱ्या रात्री मी डेक आणि हेडफोन घेऊन गेलो. ब्राइटनेस अगदी खाली, आवाज हेडफोनमध्ये.

आणि तिथे मला गेम निवडायची पद्धत कळली. सलाइन संपत आलं, उठा. बाबांना पाणी हवंय, उठा. सिस्टर आल्या, गोळ्यांची चिठ्ठी दिली, खाली मेडिकलमध्ये जा. "दोन मिनिटं थांबा, हा राक्षस मारतो" हे म्हणायची सोयच नाही. म्हणजे जो गेम कुठल्याही सेकंदाला सोडता येतो, आणि वीस मिनिटांनी परत उचलल्यावर "आता काय करायचं होतं?" असं वाटत नाही, तोच गेम कामाचा.

आता तुम्ही म्हणाल, डेकला झोपवायचं बटण आहे की. आहे, आणि माझ्या मते या यंत्राची सगळ्यात मोठी सोय तीच आहे. वरचं पॉवर बटण एकदा दाबलं की गेम आहे तिथे गोठतो, परत दाबलं की तिथूनच पुढे. पण ते गोठवतं यंत्राला. तुमच्या डोक्यातला धागा तुटायचा तो तुटतोच. शिवाय ऑनलाइन गेम असेल तर कनेक्शन जातं. आणि झोपेतही बॅटरी थोडी थोडी उतरते. ती पूर्ण संपली तर न जतन केलेलं सगळं गेलं.

'स्टारड्यू व्हॅली'चं उदाहरण घ्या. शेतीचा गेम, २०१६ चा, एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसाने बनवलेला. त्यातला एक दिवस म्हणजे आपली साधारण चौदा मिनिटं. पण गेम सेव्ह होतो तो पात्र रात्री झोपलं तरच. म्हणजे दुपारी बारा वाजता, भोपळ्यांना पाणी घालता घालता तुम्ही बॅटरी संपवलीत, तर तो दिवस वाया. डेक झोपवलात तर काही बिघडत नाही. तरी मी सवय लावून घेतली, निघायच्या आधी जमलं तर दिवस संपवायचा.

'हेडीस' याच्या उलट. एकेक खोली, खोलीत मारामारी, दोन-तीन मिनिटांत निकाल. मध्येच बाहेर पडलात तरी पुढच्या वेळी त्याच खोलीच्या सुरुवातीला येता. 'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स' तर एका अंगठ्याने खेळतात, बहुतेक डाव तीस मिनिटांत आपोआप संपतो. दिसायला अगदीच साधा, पहिल्यांदा बघून मी नाक मुरडलं होतं. चौथ्या रात्री पहाटे साडेतीनला तोच खेळत होतो.

आणि 'बलात्रो'. २०२४ चा. पत्त्यांचा आहे, पोकरचे हात लावून गुण मिळवायचे, आणि जोकर जमवून ते गुण वाढवायचे. पोकर येत नसलं तरी चालतं, पेअर आणि फ्लश कळलं की झालं. खऱ्या पैशांचा काही संबंध नाही, हे मुद्दाम सांगतो. सहाव्या की सातव्या रात्री बाबा जागे होते. म्हणाले, "काय करतोयस रे?" मी स्क्रीन दाखवली. त्यांनी चष्मा मागितला, थोडा वेळ बघितलं, आणि विचारलं, "हुकूम कुठला?" मी म्हटलं, "बाबा, यात हुकूम नसतो." "मग कसला खेळ," म्हणाले, आणि पुढचा पाऊण तास मला कुठलं पान टाकायचं ते सांगत बसले. आयुष्यभर रमी खेळलेला माणूस. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच ते दुखण्याबद्दल सोडून काहीतरी बोलत होते.

बरं. आता हिशोबाकडे येऊ.

बॅटरी. माझ्या डेकची बॅटरी ४० वॅट-तासांची आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात आलेल्या ओलेड मॉडेलची ५०, ऍली एक्सची ८०. गणित शाळेतलंच. मोठा गेम सगळं यंत्र मिळून वीस-बावीस वॅट खेचत असेल तर चाळीसाला वीसने भागा. दोन तासांच्या आत खेळ खल्लास. 'बलात्रो'सारखा गेम, ब्राइटनेस कमी ठेवला तर, दहाच्या आत राहतो, म्हणजे चार तास आरामात. म्हणून व्हॉल्व पहिल्या मॉडेलसाठी दोन ते आठ तास असा लांबरुंद आकडा देतं. लोकांना वाटतं फसवाफसवी आहे. फसवाफसवी नाही, तुम्ही काय खेळता त्यावर आहे.

उजव्या हाताला तीन टिंबांचं बटण आहे. ते दाबा, बॅटरीच्या चिन्हावर जा. तिथे फ्रेम रेटची मर्यादा असते. ती ६० वरून ४० वर आणा. सात इंचांच्या स्क्रीनवर ४० डोळ्यांना चांगलं वाटतं, आणि चिपचं काम बरंच हलकं होतं. तिथेच टीडीपी म्हणून एक मर्यादा आहे, म्हणजे चिपने जास्तीत जास्त किती वॅट घ्यायचे. डेकमध्ये ती पंधरापर्यंत जाते. हलक्या गेमला सात-आठवर ठेवून बघा. गेम अडखळला तर एकेक वाढवा. हे सेटिंग प्रत्येक गेमसाठी वेगळं जतन करता येतं, तो पर्याय चालू करायला विसरू नका, नाहीतर दुसरा गेम उघडल्यावर "हा का रखडतोय" म्हणून डोकं धराल. अनुभवाचे बोल.

पुढचा मुद्दा, गेम चालेल की नाही. डेकवर विंडोज नसतं, लिनक्सवर आधारलेलं स्टीमओएस असतं. विंडोजसाठी बनवलेले गेम्स प्रोटॉन नावाच्या थरातून चालतात. आणि खरंच चालतात, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. स्टीमच्या दुकानात गेमच्या पानावर डेकसाठी खूण असते. हिरवी म्हणजे व्हेरिफाइड, पिवळी म्हणजे चालेल पण थोडी खटपट. यात अक्षरं वाचता येतात का हेही तपासलेलं असतं, आणि चाळिशीनंतर हा मुद्दा फार महत्त्वाचा होतो, मित्रांनो. पिवळ्याला घाबरू नका. कित्येकदा कारण इतकंच असतं की नाव टाइप करायला कीबोर्ड स्वतः उघडावा लागतो. स्टीमचं बटण धरून एक्स दाबा, उघडतो.

पण काही गेम्स डेकवर चालणारच नाहीत. 'व्हॅलोरंट', 'फोर्टनाइट' विसरा. त्यांची चीटिंग पकडणारी प्रणाली लिनक्सवर चालू देत नाही. 'एपेक्स लेजंड्स' आधी चालायचा, २०२४ मध्ये बंद केला. म्हणजे आज चालतोय तो उद्याही चालेल, असं ऑनलाइन गेमबाबत धरून चालू नका. मित्रांबरोबर असलेच गेम खेळायचे असतील तर विंडोजवाली ऍली, क्लॉ असलं काहीतरी बघा. आणि 'व्हॅलोरंट'साठी तिथेही माउस-कीबोर्ड लावावा लागेल, म्हणजे मग हातातला कशाला घेतला, असा प्रश्न येतोच. विंडोजचा फायदा म्हणजे गेम पास थेट चालतो. तोटा म्हणजे छोट्या स्क्रीनवर बोटाने विंडोज हाताळणं, आणि झोपवून उठवण्यातला भरवसा कमी. माझ्यासारख्या उठाबशा काढणाऱ्याला तो भरवसा आधी लागतो.

आणखी एक अडचण. काही मोठे गेम्स स्टीमवर घेतले तरी स्वतःचा वेगळा लॉन्चर उघडतात आणि त्याला इंटरनेट लागतं. घरी कळत नाही, गाडीत कसारा घाटात कळतं. म्हणून प्रवासाला निघण्याआधी घरीच एअरप्लेन मोड लावून तो गेम एकदा उघडून बघा. उघडला तर न्या. आणि हो, लोकलमध्ये खेळायचं स्वप्न बघत असाल तर, माझा डेक ६६९ ग्रॅमचा आहे. डोंबिवलीला चढून उभ्याने धरून दाखवा.

पैशांचं. स्टीमवर किंमत रुपयांत दिसते, यूपीआयने भरता येतात. घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर रिफंड मिळतो. हे दोन तास नीट वापरा. गेम घ्या, लगेच उतरवा, पहिल्या अर्ध्या तासात तीनदा मुद्दाम झोपवा आणि उठवा. अक्षरं दिसतात का बघा. एक रात्र जाऊ द्या, मग परत उचला. परत उचलावासा वाटला नाही तर रिफंड मागा, लाजू नका. फक्त गेम उघडा ठेवून सेटिंग्जमध्ये घातलेला वेळही त्या दोन तासांत मोजला जातो, हे ध्यानात असू द्या. आणि सेलमध्ये एका वेळी एकच. मी सातांपैकी अजून तीन उघडलेले नाहीत, आणि रिफंडची मुदत तेव्हाच टळली.

मोठे गेम्स खेळूच नका असं म्हणत नाहीये मी. 'विचर' मी नंतर परत लावला, पण रविवारी दुपारी, चार्जर लावून, दोन तास कोणी हाक मारणार नाही अशा वेळी. आता तो पुढे सरकतोय. आठवड्याच्या रात्री मात्र त्याला हात लावत नाही.

ज्यांना मधलं काही हवंय, म्हणजे गोष्टही हवी पण शंभर तास नकोत, त्यांनी 'राजी' बघा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला. हरवलेल्या भावाला शोधत निघालेली मुलगी, मागे आपल्या पुराणांतल्या गोष्टी. काही ठिकाणी मारामारी अवघडल्यासारखी वाटते, पण चार-पाच बैठकांत संपतो, आणि संपवलेला गेम ही काय चीज आहे ते माझ्यासारख्याला विचारा.

पुढच्या भागात डेक टीव्हीला जोडायचं बघू, कोणती डॉक घ्यायची वगैरे. आत्ता थांबतो. बाबा दोन महिन्यांपासून घरी आहेत, बरे आहेत, आणि आत्ता दारात उभे आहेत. डेक त्यांच्याकडे आहे, चार्जर माझ्या टेबलावर.