बाहुली कुणी केली?



आज आम्ही बाहुल्यांवर बोलणार म्हटल्यावर मागच्या रांगेत हशा पिकला, तो आमच्या कानी आला. बोनस आणि पगारवाढ यांवर घसा कोरडा करणाऱ्या माणसाने खेळण्यांकडे का वळावे? पण खेळणे हीदेखील कुणाच्या तरी हातची मजुरीच असते. आणि ती गोष्ट घरची माणसे बरोबर असताना जशी कळते, तशी युनियनच्या कचेरीत बसून कळत नाही.

दिल्लीस बहादूरशहा जफर मार्गावर व्यंगचित्रकार शंकर पिल्लै यांनी स्थापन केलेले बाहुल्यांचे संग्रहालय आहे. मुलांच्या स्पर्धेत बक्षीस द्यावी म्हणून हंगेरीच्या राजदूताने त्यांना एक बाहुली दिली. तिच्यावरून त्यांना हा छंद जडला. पुढे ३० नोव्हेंबर १९६५ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन् यांच्या हस्ते संग्रहालय उघडले. एका अधिवेशनानिमित्त दिल्लीस जाणे झाले, तेव्हा सौभाग्यवती, मुलगी, जावई आणि सात वर्षांची नात अशा सर्वांना घेऊन आम्ही ते पाहिले.

जपानी बाहुल्या, कथकळीचे नट, प्रांतोप्रांतींच्या नवऱ्यामुली! सौभाग्यवती एकेकीचे नेसणे तपासू लागल्या, त्यांचा पाय काही निघेना. नातीचे भांडण कपाटाच्या काचेशी होते. हातात घ्यायची नाही तर ती बाहुली कसली, हा तिचा मुद्दा बिनतोड होता. मालकांपुढे आम्ही मांडलेले मुद्दे इतके बिनतोड क्वचितच असतात. मग तिने विचारले, "आजोबा, एवढे बारीक टाके कुणी घातले?"

आम्ही पाटी पाहिली. देशाचे नाव होते, टाके घालणारीचे नव्हते. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, या संग्रहालयाने बाहुल्या करण्याची स्वतःची कार्यशाळा चालविली, आणि तिथल्या बाहुल्या देऊन परदेशच्या बाहुल्या मिळविल्या. म्हणजे त्या कपाटांतला कितीतरी ऐवज कारागिरांच्या बोटांनी कमावलेला आहे.

टाक्यांविषयी आम्हांस सांगता येईना, म्हणून लाकडी खेळण्यांचे सांगितले. सावंतवाडीची चितारआळी आपणांस ठाऊक आहेच. कर्नाटकात चन्नपट्टणला लाकडाचा तुकडा लेथवर फिरवतात आणि फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाने लाख वितळते व लाकडावर चढते. वर केवड्याचे पान दाबून चकाकी आणतात. दाब कमी पडला तर रंग धरत नाही, जास्त झाला तर थर बिघडतो. हे मोजायला यंत्र नाही, तळहातच आहे. अशा माणसाला आपण अकुशल म्हणून मोकळे होतो!

हा झाला घरगुती धंदा. कारखान्यातली हकीकत नातीला सांगितली नाही, आपणांस सांगतो. १० मे १९९३ रोजी थायलंडात नाखोन पाथोम प्रांतातल्या केडर खेळणी कारखान्यास आग लागली. भुसभुशीत कापड, कापूस, प्लास्टिक यांचे ढीग पडलेले. बाहेर पडण्याची काही दारे बंद. आगीपासून संरक्षण नसलेले पोलादी खांब तापून इमारत थोड्याच वेळात कोसळली. १८८ कामगार मेले, त्यांत बहुतेक स्त्रिया आणि तरुण मुली. त्या बाहुल्याच करीत होत्या, परदेशच्या मुलांसाठी. खांबांना आच्छादन घालायला आणि दाराचे कुलूप काढायला काही अफाट भांडवल लागत नाही.

संग्रहालयातून निघताना जावई म्हणाले, "मामा, तुम्ही इथेही सभा घेतलीत." घेतली खरी. पण नात त्यानंतर दोन दिवस प्रत्येक वस्तू उलटून पाहत होती, खाली कुणाचे नाव आहे काय म्हणून.

आपल्या गावातही खेळणी करणारी काही घरे उरली आहेत. त्यांना नगास काय मिळते आणि दुकानात काय भाव लागतो, याची चौकशी आम्ही आरंभली आहे. कुणास माहिती असेल, तर सभा संपल्यावर आम्ही दाराशी थांबतो.