माळढोक, ऊंस आणि राज्यकर्त्यांचें कर्तव्य

सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या सडकेवर, तुळजापूर तालुक्यांत, नळदुर्गचा किल्ला लागतो. सतराव्या शतकाच्या आरंभीं, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दींत, येथें बोरी नदीवर धरण बांधलें गेलें आणि त्याच्या पोटांत पाणीमहाल उभा राहिला. पावसाळ्यांत नर आणि मादी हे दोन प्रपात कोसळूं लागले, म्हणजे पाहणारांची रीघ लागते. किल्ल्यासाठीं पाणी अडवावें आणि अधिक झालेलें नदीस परत द्यावें, ही व्यवस्था त्या बांधांतच आहे. उपभोगास अशी मर्यादा आंखून देणें हें राज्यकर्त्यांचें कर्तव्य होय.

ही मर्यादा आज कशी ढळली आहे, हें जवळच पाहावयास मिळतें. नळदुर्गच्या पश्चिमेस सोलापूर, आणि तेथून बार्शीच्या वाटेवर नान्नजचा माळ. माळढोक पक्षी उघड्या गवताळ रानांत राहणारा. नराचें वजन 15 किलोपर्यंत भरतें. मादी बहुधा एकच अंडें घालते, आणि तेंही मोकळ्या भुईवर. त्याच्या रक्षणासाठीं 1979 सालीं सोलापूर व तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांत 8,496 चौरस किलोमीटरांचें अभयारण्य जाहीर झालें. पुढें तें सुमारें 1,222 चौरस किलोमीटरांवर आलें. आज साऱ्या भारतांत हे पक्षी दीडशेंच्या आसपास, किंवा त्याहूनही कमी, उरले आहेत.

शिकारीस 1972 च्या कायद्यानें बंदी झाली होती. तरी पक्षी घटत गेला, कारण त्याचें रानच नाहींसें होत गेलें. विजेच्या तारांनींही त्याचा घात केला. परंतु जेथें ज्वारीचीं शेतें आणि गवताचे माळ होते, तेथें पाण्याबरोबर उंच ऊंस आला. दूरवर दृष्टि टाकून सावध राहणाऱ्या पक्ष्यास तेथें थारा नाहीं. सरकारच्याच कृषिखर्च व किंमत आयोगानें दाखवून दिलें आहे कीं, महाराष्ट्रांत पिकांखालील क्षेत्रापैकीं 4 टक्क्यांहूनही कमी क्षेत्र व्यापणारा ऊंस सिंचनाचें सुमारें 70 टक्के पाणी घेतो.

याचा दोष शेतकऱ्यास द्यावा काय? ऊंसाचा किमान दर सरकार ठरवून देतें आणि तो देणें कारखान्यास बंधनकारक आहे. ज्वारीस तशी हमी नाहीं. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांस 2024 पासून राज्यानें वीज मोफत केली. दुसऱ्या बाजूस 2009 चा भूजल कायदा 60 मीटरांहून खोल विहिरींस मनाई करतो, आणि 2017 सालीं ऊंसास ठिबक सक्तीचें करण्याचा निर्णय झाला. एका हातानें उधळण्यास उत्तेजन द्यावें आणि दुसऱ्यानें काटकसरीचा कायदा लिहावा, अशी ही विसंगति आहे.

शहरांतील गृहिणीनें चहांत साखर बेतानें घालावी, हें उत्तमच. परंतु तिच्या चमच्यानें नदीचा हिशेब जुळत नाहीं. 2022 सालीं माँट्रिअल येथें राष्ट्रांनीं जैवविविधतेसाठीं जो आराखडा मान्य केला, त्यांतील सोळावें उद्दिष्ट अतिउपभोग घटविण्याचें आहे, आणि त्यासाठीं धोरणें व कायदे करण्याचा भार सरकारांवर ठेवलेला आहे. येथें त्याचा अर्थ सरळ आहे: ज्वारी-बाजरीस ऊंसाइतकीच खात्रीची खरेदी, पाण्याचें मोजमाप, आणि माळरान म्हणजे पडीक जमीन नव्हे, याची सरकारदरबारीं नोंद.

एप्रिल 2016 मध्यें मिरजेहून लातुरास आगगाडीनें पिण्याचें पाणी न्यावें लागलें. माणसांवर ती पाळी आली, त्याच्या कितीतरी आधीं माळढोक माळावरून निघून जाऊं लागला होता. त्याचें जाणें हीच पहिली सूचना होती. ती वाचण्याचें काम सरकारचें होतें, आणि आजही आहे.