फुकटच्या गाडीचं भाडं

(सातारा-सांगली भागातल्या वस्त्यांमधल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



एरवी मला कविता म्हणायला बोलावतात. आज भाषणाला बोलावलंय. मी मॅट्रिक झालेला, मुंबईच्या गोदीत ओझी उचलणारा माणूस. ओझ्याची सवय आहे, माईकची नाही. चुकलं तर तिथंच टोका. विषय दिलाय 'निवडणूक आणि आपण'. पण मी सातारच्या एस्टी स्टँडवर उतरल्यापासून इथं येईपर्यंत निवडणुकीवर जेवढं ऐकलं, त्यात 'ते' होते, 'आपण' कुठं नव्हतो. कोण येणार, कोण पडणार, कुणी कुणाला गंडवलं, कोण कुठल्या पक्षात गेला. आपल्या माणसांना सगळं पाठ. फक्त आपला त्यात काय संबंध, हे कुणी बोलत नाही.

पहिल्यांदा माझीच चूक सांगतो, म्हणजे मग दुसऱ्याला बोलायला तोंड राहील.

मी एकवीस वर्षांचा होतो. गावात ग्रामपंचायतीची निवडणूक होती. मुंबईत आमच्या खोलीसमोर रात्री दहाला गाडी उभी राहिली. 'चला, मतदान हाय. जाणं-येणं, जेवण, समदं आमच्याकडं.' आम्ही अकरा जण बसलो. वाटेत ढाब्यावर मटण खाल्लं. सकाळी शाळेत जाऊन बटण दाबलं, दुपारी त्याच गाडीनं परत, दुसऱ्या दिवशी पाळीवर हजर. मत कुणाला दिलं? गाडी ज्याची, त्याला. त्याचं नाव मला गाडीत बसल्यावर कळलं.

पुढच्या उन्हाळ्यात चुलतीचा फोन आला. 'बाबा, वस्तीच्या नळाला तीन दिस पाणी न्हाय. तू ज्येला मत दिलंस, त्येला जरा सांग की.' माझ्याकडं त्या माणसाचा नंबरसुद्धा नव्हता. त्याच्याकडं माझा होता.

त्या रात्री मला मसूरची गाडी आठवली. बाबासाहेब साताऱ्यात वाढले, इथल्याच शाळेत 1900 साली त्यांचं नाव घातलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. 1901 साली ते आणि बरोबरची पोरं वडिलांच्या नोकरीच्या गावी निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. जात कळल्यावर एकही गाडीवान त्यांना घेईना. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तेही गाडी पोरांनी स्वतः हाकायची आणि तो शेजारनं चालणार, या बोलीवर. रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. त्या पोरांनी दुप्पट भाडं दिलं, पण कासरा त्यांच्या हातात होता. मला गाडी फुकट मिळाली, आणि कासरा दुसऱ्याच्या हातात. पाणी त्यांना नव्हतं, माझ्या चुलतीलाही नाही. सव्वाशे वर्षांत एवढाच फरक पडायचा होता काय?

आता पारावरच्या गप्पांकडं येतो. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत पुढाऱ्याला नुसतं नाव नसतंच. दादा, काका, बापू, आबा, भाऊ, राजे. सगळी नात्यातली माणसं. मतदानाच्या आधी पंधरा दिवस ही सोयरीक एवढी दाट होते, की काका वस्तीत येऊन आपल्या घरचा चहासुद्धा पितो. निकाल लागला की आपण त्याच्या बंगल्याबाहेर चपला हातात घेऊन उभे. सख्ख्या काकाला कुणी अर्ज लिहून भेटतं काय?

आणि बोलण्याची भाषा सगळी कुस्तीची. अमका चितपट, तमक्याला आस्मान दाखवलं, ह्याचा डाव, त्याचा पेच. कुस्ती मलाही आवडते. जत्रेतलं मैदान मी सोडत नाही. पण 2024 ला सांगलीत लोकसभेला खराखुरा पैलवान उभा राहिला, तेव्हा काय झालं बघा. चंद्रहार पाटील, डबल महाराष्ट्र केसरी, 2007 आणि 2008 चे. मशाल हातात. निकाल लागला तेव्हा साठ हजारांच्या आसपास मतं आणि अनामत जप्त. निवडून आले विशाल पाटील, अपक्ष, चिन्ह लिफाफा, वसंतदादांचे नातू. टपरीवर लोक म्हणाले, 'पैलवान कमी पडला.' अरे, पैलवान कमी पडला नाही. ह्या कुस्तीत अंगातली ताकद मोजतच नाहीत. इथं कारखाना, बँक, सोसायटी, शिक्षणसंस्था, तीन पिढ्यांचं नाव, हे मोजतात. महाराष्ट्र केसरीची ही गत, तर दोन गुंठ्यांतल्या आपल्या पोराचं काय? हे समजून घ्यायचं सोडून आपण फेट्यांचे रंग मोजत बसतो.

साताऱ्याचं बघा. 2019 च्या मे महिन्यात उदयनराजे राष्ट्रवादीकडनं निवडून आले. सप्टेंबरात राजीनामा देऊन भाजपात गेले. ऑक्टोबरात पोटनिवडणूक लागली. 18 तारखेला शरद पवार साताऱ्यात भर पावसात बोलले, आणि श्रीनिवास पाटील 87 हजारांहून जास्त मतांनी आले. 2024 ला उदयनराजे पुन्हा आले, भाजपकडनं. त्या पावसाच्या सभेला आपण कुठं उभे होतो, हे अजून माणसं रंगवून सांगतात. माझी चुलती एवढंच म्हणाली, 'आमचं छप्पर दर पावसाळ्याला भिजतं बाबा. त्येचा फोटू कोन काढत न्हाय.'

मित्रांनो, ह्या एका वाक्यात सगळं भाषण आलं. तरी पुढचं ऐका.

काही जण म्हणतील, आपल्यासाठी राखीव जागा आहेत की. आहेत. साताऱ्यात फलटण, सांगलीत मिरज. 2004 पर्यंत जत होती. पण राखीव जागेवर आपला माणूस उभा राहतो, निवडून कोण देतो? सगळा मतदारसंघ. तिकीट कोण देतो? आपण तर नक्कीच नाही. मग निवडून आलेला माणूस तोंड कुणाकडं करणार? मी त्या माणसाला शिवी देत नाही. कुलूप 1932 सालचं आहे. बाबासाहेबांनी स्वतंत्र मतदारसंघ मिळवला होता, म्हणजे आपला प्रतिनिधी आपल्याच मतांवर. गांधींनी येरवड्यात उपोषण धरलं आणि 24 सप्टेंबरला पुणे करार झाला. जागा वाढल्या, पण किल्ली दुसऱ्याच्या कमरेला गेली.

ती किल्ली कशी फिरते ते बघा. पाळवणकर बाळू, चांभार समाजातला महान गोलंदाज. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी काढले. जिमखान्यावर त्याचा चेंडू चालायचा, त्याचा कप चालायचा नाही. चहा बाहेर, वेगळ्या भांड्यात. बाबासाहेबांनाही त्याच्याबद्दल अभिमान होता. आणि 1937 च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसनं बाबासाहेबांच्या विरोधात उभं कुणाला केलं? ह्याच बाळूला. बाळू थोडक्यात पडला. 1952 ला मात्र साधलं. बाबासाहेब काजरोळकरांकडून चौदा-साडेचौदा हजार मतांनी हरले. काजरोळकरही आपल्यातलेच. घटना लिहिणारा माणूस पहिल्याच निवडणुकीत हरला, आणि आपण टपरीवर म्हणतो, चांगला माणूस असला की लोक निवडून देतात!

त्याच 1952 साली आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीला ब्राँझ पदक आणलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. त्यांना पाठवायला गावानं वर्गणी काढली, राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं. हे ध्यानात ठेवा. दुसऱ्याच्या पैशावर गेलेला पैलवान दुसऱ्याची कुस्ती खेळतो. वर्गणीवर गेलेला गावाची खेळतो. निवडणुकीचंही तेच.

आता एक गोष्ट, जी कुणी आपल्याला नीट सांगत नाही. मत गुप्त आहे, पण बूथ उघडं आहे. निकालानंतर कुठल्या बूथवर कुणाला किती मतं पडली, ते आकडे छापील मिळतात. ग्रामपंचायतीचा प्रभाग तर एवढासा, बोटांवर मोजतात. वस्ती एका बूथवर असली की वस्तीनं काय केलं हे दुपारपर्यंत वाड्यावर पोचतं. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा अनेक बूथची मतं मिसळून मोजायची सोय होती. मशीन आलं आणि ती गेली. निवडणूक आयोगानं 2008 ला टोटलायझर नावाचं यंत्र सुचवलं, म्हणजे बऱ्याच मशीनची बेरीज एकदम निघेल, बूथ झाकलं जाईल. सरकारनं ते मानलं नाही. का मानलं नाही, हे नळाला पाणी नसलेल्या वस्तीला विचारा.

मग काही पोरं चिडून म्हणतात, 'मतच द्यायचं न्हाय. बहिष्कार!' बहिष्कार हा मोठा शब्द आहे, स्वस्तात वापरू नका. 1974 च्या जानेवारीत मुंबईत लोकसभेच्या पोटनिवडणुकीवर पँथरनं बहिष्कार घातला. त्यात आपल्या सांगलीच्या नांद्र्याचा राजा ढाले पुढं होता, नामदेव ढसाळ होता. 5 तारखेला वरळीत सभेवर दगड पडले, पोलीस आपल्यावरच तुटून पडले. 10 तारखेच्या मोर्चात भागवत जाधव मारला गेला. काँग्रेसचे रामराव आदिक पडले, कम्युनिस्टांच्या रोझा देशपांडे आल्या. तो बहिष्कार होता. चाळीचाळीत सभा घेऊन, कारण सांगून, रक्त देऊन घातलेला. मतदानाच्या दिवशी घरात झोपून क्रिकेट बघणं म्हणजे बहिष्कार नव्हे. गोदीत एका माणसानं ओझं टाकलं तर मुकादम हसतो आणि दुसरा बोलावतो. अख्ख्या टोळीनं हात खाली केले तर जहाज जागचं हलत नाही. ओझं तेच, माणसं तीच.

'त्यांचे पैसे घ्यायचे आणि मत आपल्या मनानं द्यायचं' असं म्हणणारेही आहेत. ऐकायला हुशारी वाटते. पण पैसे घेतलेल्या माणसाला पाच वर्षं तोंड उघडता येत नाही. 'तुझा हिशेब झालाय' म्हणून सांगतात. मला असं सांगितलेलं आहे, म्हणून बोलतो.

तेव्हा करायचं काय? भाषण करून टाळ्या घेऊन मी परवा गोदीत जाईन. तुम्हाला इथंच राहायचंय. म्हणून हातानं करता येईल असंच सांगतो.

ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला 15 टक्के पैसा मागासवर्गीयांसाठी खर्चायचा असतो. जिल्हा परिषदेत सेसचा 20 टक्के. त्याशिवाय वस्तीसुधारणेचा निधी वेगळा. किती जणांनी हिशेब विचारलाय? हात वर करा. बघा. आता सांगा, 2025 च्या नोव्हेंबरात बायकांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनानं फायनलला किती धावा केल्या? सगळे हात वर! चांगलं आहे, पोरीचा मलाही अभिमान आहे. पण धावांचा हिशेब पाठ आणि आपल्या नळाचा हिशेब कुणाला नाही, हे बरं नाही. ग्रामसभा 26 जानेवारीला असते, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबरला असते. माहितीचा अधिकार 2005 पासून आहे. अर्ज एकट्यानं देऊ नका, वीस सह्यांनी द्या. जिल्हा परिषदांची मुदत मार्च 2022 ला संपली आणि तीन वर्षांवर प्रशासक बसला. तेव्हा आपण प्रश्नच विचारले नाहीत. निवडणूक असली काय, नसली काय, हिशेब मागायला कुणी बंदी केलेली नाही.

वाड्याला बूथ दिसतंच ना? मग दिसू दे. उमेदवार मागायला आला की त्याला विहारात बसवा. बायकांनी लिहिलेला कागद पुढं ठेवा: पाणी, स्मशानाचा रस्ता, घराखालच्या जागेचा उतारा. सगळ्यांसमोर उत्तर घ्या आणि वहीत लिहा. मग वस्तीनं बसून ठरवा, मत, आपला उमेदवार, नाहीतर बहिष्कार. जे ठरेल ते कारणासकट भिंतीवर लावा.

माझ्यापुरतं सांगतो. आम्ही त्या गाडीतल्या अकरा जणांनी महिन्याला प्रत्येकी शंभराची वर्गणी सुरू केली आहे. पुढच्या मतदानाला एस्टीनं येणार. लोकसभा-विधानसभेला कायद्यानं पगारी सुट्टी आहे, पण कंत्राटी माणसाची पाळी बुडते ती बुडतेच. ती बुडाली तरी येणार. दोघं अजून म्हणतात, 'फुकट गाडी असताना एस्टी कशाला?' त्यांच्याशी रोज भांडण चालू आहे. भांडण मिटलं नाही, पण वर्गणी ते दोघंही देतात.

चुलतीला हे सांगितलं. ती म्हणाली, 'ये एस्टीनं. पर येताना सांजच्याला न्हाय, सकाळी ये. ग्रामसभा सकाळीच आस्ती.'

जयभीम.