ज्वारीचे विष

आमची बमरोली आता सुरत शहरात मिसळली आहे. तथापि येथील कित्येक मराठी कुटुंबांची शेती खानदेशात आहे. कोवळी ज्वारी खाल्ल्याने गुरांना किराळ लागते, हे त्यांना ठाऊक असते. त्याचे कारण 'धुरिन' हे द्रव्य. डन्स्टन व हेन्री यांनी ते १९०२ साली शोधले. पान चावले जाताच त्यातून जहाल हायड्रोसायनिक आम्ल निघते. रोपाचे हे संरक्षणच होय. टोळांची पिल्ले कोवळी ज्वारी टाळतात ती बऱ्याच अंशी यामुळेच. खोडमाशीची अळी मात्र त्याच रोपाचा पोंगा खाते! म्हणून पेरणी वेळेवर करून माशीला चुकवावे. पाण्यावाचून खुरटलेल्या पिकात विष वाढते. तेव्हा पीक फुलोऱ्यास येईपर्यंत गुरे आवरावीत. विषाला किडा आणि बैल सारखेच. भेद आपणच राखला पाहिजे.