दाराशी आलेले भावोजी

दूरचित्रवाणीवरील खेळाचा कार्यक्रम, म्हणजे रोजच्या बोलण्यातला गेम शो, हा नाटकाहून, मालिकेहून आणि बातम्यांहूनही एका बाबतीत निराळा असतो. त्यात भाग घेणारी माणसे नट नसतात. प्रेक्षकांमधूनच कोणीतरी उठून कॅमेऱ्यासमोर येते, आणि त्या अनोळखी, काहीशा बुजलेल्या माणसाला अर्ध्या तासात बोलते करण्याचे काम सूत्रसंचालकाला करावे लागते. सूत्रसंचालक हा शब्द मराठीत सभासमारंभाच्या निवेदकालाही लावला जातो, परंतु खेळाच्या कार्यक्रमात त्याच्यावर आणखी एक जबाबदारी येते, ती अशी की हरणाऱ्याला हरल्याची लाज वाटू नये. मराठी दूरचित्रवाणीवर ही जबाबदारी एकाच कार्यक्रमात अठरा वर्षे पेलणारे नाव आदेश बांदेकर यांचे आहे, आणि त्यांच्या कामाचा विचार मनोरंजनाच्या पानावर जेवढा झाला तेवढा भाषेच्या आणि समाजाच्या अंगाने झालेला नाही.

या प्रकाराचा आरंभ ३१ मे १९३८ रोजी लंडनहून प्रक्षेपित झालेल्या बीबीसीच्या ‘स्पेलिंग बी’ या कार्यक्रमापासून मानला जातो. शब्दांची अक्षरे अचूक सांगण्याच्या त्या स्पर्धेचे संचालन फ्रेडी ग्रिसवुड यांनी केले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत असे खेळ फोफावले, आणि तेथील आरंभीच्या सूत्रसंचालकांपैकी जॅक बेली यांची कारकीर्द प्रस्तुत विषयाशी विशेष ताडून पाहण्याजोगी आहे. १९०७ साली आयोवा राज्यात जन्मलेले बेली ‘क्वीन फॉर अ डे’, म्हणजे ‘एका दिवसाची राणी’, या कार्यक्रमाचा चेहरा होते. १९४५ साली रेडिओवर सुरू झालेला आणि १९५६ ते १९६४ या काळात राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर दिसलेला हा कार्यक्रम सामान्य गृहिणींसाठी होता. त्यात प्रत्येक स्त्री आपल्यावर कोसळलेली अडचण आणि आपली एक गरज सांगत असे, सभागृहातील टाळ्यांचा जोर एका यंत्राच्या काट्यावर मोजला जाई, आणि जिच्या दुःखाला सर्वाधिक टाळ्या पडत तिला मुकुट आणि मखमली झगा चढवून तिची गरज भागवली जाई. कार्यक्रम अफाट लोकप्रिय झाला, पण त्याच्या मुळाशी दुःखाचा लिलाव होता, आणि टाळ्या कमी पडलेल्या स्त्रिया आपली कहाणी उघडी करूनही किरकोळ बक्षिसावर समाधान मानून घरी परतत, ही गोष्ट नाकारता येत नाही.

भारतात दूरचित्रवाणी १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाली आणि मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी आले. येथील आरंभीचे खेळ प्रामुख्याने प्रश्नमंजूषेच्या, म्हणजे ज्ञानाची परीक्षा घेणाऱ्या, वळणाचे होते. सिद्धार्थ बसू यांचा १९८५ साली सुरू झालेला इंग्रजी ‘क्विझ टाइम’ हे त्यांतले ठळक उदाहरण. रेणुका शहाणे आणि सिद्धार्थ काक यांच्या ‘सुरभि’मध्ये प्रेक्षकांना विचारलेल्या प्रश्नाची उत्तरे पोस्टकार्डावर येत, आणि त्यांचा पूर एवढा वाढला की टपाल खात्याने अशा स्पर्धांसाठी वेगळे आणि महाग पोस्टकार्ड काढले. १९९३ साली झी वाहिनीवर आलेल्या ‘अंताक्षरी’ने हा मोहरा ज्ञानाकडून गाण्याकडे वळवला, तिचे संचालक अन्नू कपूर होते. ‘सुरभि’ची पोस्टकार्डे सोडली तर या कार्यक्रमांत एक गोष्ट समान होती. खेळ वाहिनीच्या मंचावर होत असे, आणि खेळणाऱ्याला तेथवर जावे लागत असे.

मंचापासून दूर राहिलेल्या प्रेक्षकांचा विचार करताना, आज छत्तीसगढमध्ये आणि तेव्हा मध्य प्रदेशात असलेल्या रायपूरचा अनुभव ध्यानात घ्यावा लागतो. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ या नावाने ओळखला गेलेला उपग्रह दूरचित्रवाणीचा शैक्षणिक प्रयोग देशाच्या सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत राबवला गेला, आणि मध्य प्रदेशातून त्यासाठी निवडलेला प्रदेश रायपूरच्या आसपासचा होता. अमेरिकेच्या उपग्रहावरून आलेले चित्र कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीच्या, तीन मीटर व्यासाच्या छत्रीने पकडले जाई आणि गावकरी सार्वजनिक जागी एकाच संचासमोर बसत. आकाशातून येणारे चित्र देशातील बहुसंख्य शहरांनी पाहण्याआधी छत्तीसगढच्या खेड्यांनी पाहिले होते. मराठी घरे असलेला ब्राह्मणपारा हा रायपूरच्या जुन्या वस्तीचा भाग. पारा म्हणजे छत्तीसगढी बोलीतला मोहल्ला, मराठीत ज्याला आळी म्हणावे तो, आणि जवळच्या तात्यापाऱ्याच्या तर नावातच मराठी संबोधन आहे. नागपूरकर भोसल्यांचा अंमल १८५४ साली संपेपर्यंत हा मुलूख मराठी सत्तेखाली होता, त्यामुळे येथील मराठी वस्तीची मुळे जुनी आहेत. परंतु मुंबई केंद्राचे जमिनीवरील प्रक्षेपण शेकडो किलोमीटर अलीकडेच संपत असल्याने या घरांत संच आला तरी मराठी आली नाही. उपग्रह वाहिन्यांनी, विशेषतः १९९९ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या आणि पुढे झी मराठी झालेल्या अल्फा मराठीने, ही उणीव भरून काढली.

१९६६ साली जन्मलेले आदेश बांदेकर याच संक्रमणाच्या काळात पुढे आले. दूरदर्शनच्या मराठी वाहिनीवरील ‘ताक धिना धिन’ हा गाण्यांचा खेळ त्यांनी चालवला आणि तेथे त्यांच्या बोलण्यातला मोकळेपणा प्रेक्षकांच्या ध्यानात आला. अभिनेत्री सुचित्रा बांदेकर या त्यांच्या पत्नी. १३ सप्टेंबर २००४ रोजी अल्फा मराठीवर ‘होम मिनिस्टर’ सुरू झाला आणि त्यानंतर त्यांचे नाव त्या कार्यक्रमापासून वेगळे काढता येईनासे झाले. शासनात गृहमंत्री हा पोलीस आणि अंतर्गत सुव्यवस्था पाहणारा मंत्री असतो, तर मराठी घरांत कौतुकाने आणि थोड्या थट्टेने पत्नीला गृहमंत्री म्हणण्याची रीत आहे. कार्यक्रमाचे नाव त्या रीतीवरून घेतलेले होते. त्यात सूत्रसंचालक कॅमेऱ्यासह चाळीत, सोसायटीत किंवा वाड्यात जात असे, घरातली माणसे ओळख करून देत, नवराबायकोचे लग्न कसे जमले याच्या गप्पा निघत, मग दोन गृहिणींमध्ये साधेसोपे खेळ होत आणि जिंकणारीला पैठणी मिळत असे. पूर्वी माणसे मंचाकडे जात होती, आता मंचच माणसांच्या उंबऱ्याशी आला. या बदलाचे मोल फार मोठे आहे, कारण परक्या सभागृहात जिची जीभ टाळ्याला चिकटते तीच स्त्री स्वतःच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सहज बोलू लागते.

मात्र दार उघडले म्हणून बोलणे सुरू होते असे नाही, आणि बांदेकर यांच्या कसबाचा गाभा येथेच आहे. ते गृहिणीला ‘वहिनी’ म्हणत आणि त्यांना सारा महाराष्ट्र ‘भावोजी’ म्हणू लागला. छत्तीसगढी बोलीतली ‘भौजी’ म्हणजे भावाची बायको, तर मराठीतले ‘भावोजी’ म्हणजे बहिणीचा नवरा किंवा नवऱ्याचा भाऊ. उच्चार जवळचे असले तरी दोन भाषांत माणूस बदलतो, हे रायपूरच्या मराठी माणसांना सांगावे लागत नाही. आता सूत्रसंचालकाने स्वतःला ‘भाऊ’ म्हणवून घेतले असते तर काय झाले असते, याचा विचार करावा. भाऊ हा माहेरचा असतो. तो घरात आला की सासरची माणसे पाहुणचार करतात आणि जरा दूर बसतात. ‘वहिनी’ या एका हाकेने मात्र त्या स्त्रीचा नवरा सूत्रसंचालकाचा भाऊ होतो आणि सासूला आणखी एक मुलगा मिळतो, म्हणजे सगळे घरच नात्यात ओवले जाते, आणि कॅमेरा घेऊन आलेला परका पुरुष कोणालाही परका वाटत नाही.

मानववंशशास्त्रात ‘थट्टेचे नाते’ अशी एक संज्ञा आहे. काही नात्यांत अदब राखणे सक्तीचे असते, तर काहींत थट्टा करणे समाजाला मान्यच नव्हे तर अपेक्षित असते, असा तिचा अर्थ असून रॅडक्लिफ-ब्राऊन या इंग्रज अभ्यासकाने १९४० साली तिच्यावर लिहिलेला निबंध प्रसिद्ध आहे. भारतीय कुटुंबात सासऱ्यासमोर सुनेचा आवाज खाली जातो, परंतु धाकट्या दिराशी तिची थट्टामस्करी चालते. सासरच्या घरात तिला मोकळे हसता येईल अशी जी थोडी माणसे असतात त्यांत दीर हा एक. ‘होम मिनिस्टर’ने दिराची ही जागा घेतली. नवऱ्याच्या सवयी, सासूचा स्वभाव, पहिल्यांदा बिघडलेला स्वयंपाक हे सारे भावोजींसमोर सांगता येते, आणि त्यात कोणाचा अपमानही होत नाही. उखाण्याची योजनाही याच जातीची. नवऱ्याचे नाव एरवी न उच्चारण्याची जी जुनी रीत होती तिच्यातून यमक जुळवून नाव घेण्याचा हा प्रकार जन्मला, आणि कार्यक्रमात तो घेताना लाजणारी, अडखळणारी किंवा ठसक्यात सुनावणारी स्त्री आपल्या घडणीचा परिचय आपणच देत असे. जॅक बेली यांच्या मंचावर स्त्रीला बोलण्यासाठी दुःख लागत होते. बांदेकर यांच्यासमोर तिचा साधा दिवस पुरत होता. दोन्ही कार्यक्रमांतला हा फरक सूत्रसंचालनाच्या इतिहासात नोंदवावा एवढा मोठा आहे.

पैठणीविषयी आक्षेप घेतले गेले आणि ते विचारात घेण्यासारखे आहेत. स्त्रीचा गौरव गृहिणी म्हणूनच का करायचा आणि बक्षीस म्हणून साडीच का द्यायची, हा प्रश्न रास्त आहे. नोकरी करून घर चालवणाऱ्या बाईलाही तेथे आधी वहिनी व्हावे लागत होते. तरीही गोदाकाठच्या पैठणचे नाव सांगणारी, आज मुख्यत्वे येवल्यात विणली जाणारी, जरीच्या पोतात रंगीत रेशीम हाताने गुंफून पदरावर मोर उमटवणारी ही साडी साध्या मिळकतीच्या घरात सहजी घेतली जात नाही, आणि ती नवऱ्याने किंवा मुलाने आणून न देता स्वतः खेळून मिळवण्यात जो मान आहे तो त्या स्त्रियांच्या चेहऱ्यावर दिसत असे. त्यामुळे आक्षेप अर्धाच खरा मानावा लागतो. २०२२ साली ‘महामिनिस्टर’ या नावाने झालेल्या पर्वात मात्र ११ लाख रुपयांची पैठणी ठेवण्यात आली, आणि तेथे मूळ कार्यक्रमाचा तोल ढळला, कारण एवढ्या किमतीची वस्तू घराघरातल्या मानाची खूण राहत नाही.

या अठरा वर्षांत आणि त्यानंतरही बांदेकर यांनी इतर क्षेत्रांतही काम केले. २००९ साली शिवसेनेतर्फे माहीम मतदारसंघातून त्यांनी विधानसभेची निवडणूक लढवली आणि ते पराभूत झाले. २०१७ पासून काही वर्षे ते मुंबईच्या सिद्धिविनायक मंदिर न्यासाचे अध्यक्ष होते. निर्माते म्हणूनही त्यांनी मालिका दिल्या असून २०२२ च्या डिसेंबरात सुरू झालेली ‘ठरलं तर मग’ ही त्यांतली सर्वपरिचित. निवडणुकीतला पराभव असे दाखवतो की पडद्यावरचे नाते मतपेटीत जसेच्या तसे उतरत नाही. २०२० साली टाळेबंदीमुळे घरोघरी जाणे अशक्य झाले तेव्हा ‘होम मिनिस्टर’ घरबसल्या, इंटरनेटवरील दृक्‌संवादातून चालवला गेला. ज्या कार्यक्रमाचा प्राण उंबरा ओलांडण्यात होता तो उंबऱ्याबाहेर राहूनही चालला, याचे श्रेय ‘वहिनी’ या एका संबोधनाला द्यावे लागते. सप्टेंबर २०२२ मध्ये कार्यक्रमाने निरोप घेतला.

या कार्यक्रमाचे जे धन मागे उरले आहे ते बक्षिसांत नाही. कोकण, देश, खानदेश, मराठवाडा, विदर्भ येथील स्त्रिया आपापल्या लकबीत, आपापल्या म्हणींनिशी, घरच्या माणसांसमोर न घाबरता बोललेल्या आहेत, आणि ते बोलणे चित्रमुद्रित झालेले आहे. बोलींचा अभ्यास करणारे एरवी ध्वनिमुद्रक घेऊन खेडोपाडी हिंडतात आणि त्यांना मुलाखतीसाठी सावरून बसलेली, प्रमाणभाषेकडे झुकलेली उत्तरे मिळतात. येथे भावोजींशी झालेला अवघड न वाटणारा संवाद आयता साठलेला आहे. शेगाव, अकोला, नागपूर येथील वहिनींचे बोलणे ऐकताना ब्राह्मणपाऱ्यातल्या मराठी घरांना आपल्या आजीच्या बोलण्याचा सूर त्यात ऐकू येतो, कारण रायपूरच्या मराठीचा ओढा विदर्भाकडेच अधिक आहे. हे मुद्रण वाहिनीने जपून ठेवावे, विद्यापीठांच्या मराठी विभागांनी त्याचे भाग प्रदेशवार आणि बोलीवार नोंदवून अभ्यासकांना खुले करावेत, आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळांनी आपापल्या गावातल्या वृद्ध स्त्रियांचे असेच मोकळे बोलणे, त्या आहेत तोवर, मुद्रित करून ठेवावे.